फेफरे, शस्त्रक्रिया आणि आपला विश्वास

मार्ककृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला तो बाप आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रभू डोंगरावरून खाली येतो तेव्हा पायथ्याशी गर्दी जमलेली असते. शास्त्री आणि शिष्य यांचा वाद चाललेला असतो, आणि ज्याच्यावरून हा वाद चालला आहे तो मुलगा आजारीच असतो. झटका आला की तो जमिनीवर आपटतो, तोंडाला फेस येतो, दात खातो, ताठ होतो. हे लहानपणापासून चालले आहे, कित्येकदा तो विस्तवात आणि पाण्यात पडला आहे, असे बाप सांगतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा धडा अनेकदा शिकवला असेल. मीही शिकवला. शिष्यांचा विश्वास उणा पडला म्हणून मुलगा बरा झाला नाही, तेव्हा मुलांनो, तुम्ही विश्वासात वाढा, एवढेच तात्पर्य मी सांगत असे. त्या मुलाचे रोजचे जिणे कसे असेल, त्याच्या बापाला रात्री झोप लागत असेल की नाही, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

पुढे तो बाप होण्याची पाळी माझ्यावरच आली. माझी थोरली मुलगी दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला आणि तापात आकडी आली. ती अर्ध्या तासाहून अधिक वेळ थांबली नाही. पुढे सारे ठीक झाले असे आम्हांला वाटले. परंतु ती अकरा वर्षांची झाल्यावर निराळेच काही सुरू झाले. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे तिला वाटे, मग नजर एका जागी खिळे, ओठ चाटल्यासारखे हलत, हाताने ती फ्रॉकची कड चाचपडत राही. मिनिट-दोन मिनिटांनी ती भानावर येई आणि मधले काहीच तिला आठवत नसे. कधी कधी मात्र तेवढ्यावर भागत नसे; ती कोसळे आणि सर्वांगाला झटके येत. आज ती अठ्ठावीस वर्षांची आहे. या सतरा वर्षांत चार प्रकारची औषधे झाली, एकत्रही दिली गेली, तरी महिन्याला चार-पाच वेळा हे होतेच. आता डॉक्टरांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले आहे.

ही बातमी आमच्या लहानशा मराठी मंडळीत पसरली तेव्हा भेटीला येणाऱ्यांनी तीन प्रकारचे सल्ले दिले. एकाने म्हटले, प्रार्थनेने जे होईल त्यासाठी डोके उघडू देणे हा अविश्वास आहे. दुसऱ्याने म्हटले, देवाने डॉक्टरांना ज्ञान दिले असताना नको म्हणणे हाच अविश्वास आहे. तिसऱ्या एका वृद्ध भगिनीने पौलाच्या देहातील काट्याची आठवण दिली आणि सोसण्यातच गौरव आहे असे सांगितले. तिघेही आमच्यावर प्रेम करणारे आहेत, आणि तिघांनीही शास्त्राचाच आधार घेतला. म्हणून हा प्रश्न आमच्या घरापुरता न ठेवता आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे वाटले. अशा वेळी विश्वासू माणसाने काय करावे, आणि ते ठरवायचे कोणी?

प्रथम या आजाराविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण अज्ञानातून दिलेला सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी इजा करतो. अपस्मार, फेफरे, मिरगी, फिट, ही सारी एकाच दुखण्याची नावे आहेत. मेंदूतील पेशी विजेच्या अत्यंत सूक्ष्म संकेतांनी एकमेकींशी व्यवहार करतात. तो व्यवहार काही क्षण बेबंद झाला की झटका येतो. एका कोपऱ्यात तो बेबंदपणा राहिला तर माणूस केवळ हरवल्यासारखा दिसतो. साऱ्या मेंदूत पसरला तर कोसळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे. आपल्या देशात हजार माणसांमागे साधारण पाच-सहा जणांना तो असतो. तेव्हा थोड्या मोठ्या मंडळीत दर रविवारी असा कोणीतरी बाकावर बसलेला असतो, मग आपल्याला ते ठाऊक असो वा नसो.

हा देवाचा कोप किंवा भुताची बाधा नाही, हे ख्रिस्तापूर्वी सुमारे चारशे वर्षे ग्रीक वैद्यांच्या एका ग्रंथात लिहिले गेले आहे. हिपॉक्रेटीसच्या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. लोक ज्याला पवित्र रोग म्हणतात तो इतर रोगांहून अधिक पवित्र नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे, असा त्याचा आशय आहे. शुभवर्तमानाकडे बोट दाखवून कोणी म्हणेल की मार्क तर अशुद्ध आत्म्याविषयी बोलतो. खरे आहे. परंतु मत्तयाच्या चौथ्या अध्यायात प्रभूकडे आणलेल्या रोग्यांची यादी आहे, आणि तिच्यात भूतग्रस्त निराळे व फेफरेकरी निराळे सांगितले आहेत. निदान एवढ्यावरून तरी प्रत्येक फेफरेकऱ्यावर मंत्र म्हटल्यासारखी प्रार्थना करून त्याला सर्वांसमोर लाज आणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

या लाजेविषयी मला कबुली द्यायची आहे. मुलीला एक चांगले स्थळ आले तेव्हा आम्ही आजार सांगितला नाही. लग्नानंतर बरे होईल, असे स्वतःचे समाधान करून घेतले. सुदैवाने बोलणी पुढे जाण्यापूर्वी तिनेच त्या मुलाला सर्व सांगितले आणि स्थळ फिरले. मी तिच्यावर रागावलो. आज मला त्या रागाची शरम वाटते. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहाच्या आड येणारा दोष म्हणून नोंदलेला होता. १९९९ साली संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून तो गेला, परंतु आपल्या मनातून गेला नाही, म्हणूनच आपण लपवतो. आणि आपण लपवतो म्हणून तो मनातून जात नाही.

मंडळीतही असेच झाले. मुलगी आठ वर्षे बालवर्ग घेत होती. एका रविवारी वर्गातच तिला मोठा झटका आला. मुले घाबरली. काही पालकांनी तक्रार केली, आणि कमिटीने तिला 'काही दिवस विश्रांती' घेण्यास सांगितले. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. कोणी वाईट शब्द बोलले नाही. परंतु औषधांच्या गुंगीने, डोक्यावर पडलेल्या खोकांनी तिचे जेवढे नुकसान केले नाही तेवढे त्या विश्रांतीने केले.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. औषधे नीट मिळाली तर या आजाराच्या दहापैकी सुमारे सात रोग्यांचे झटके पूर्ण थांबू शकतात, हे प्रथम लक्षात ठेवावे. शस्त्रक्रियेचा प्रश्न उरलेल्या तिघांचा. योग्य निवडलेली दोन औषधे पुरेशा मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने ते थांबण्याचा संभव फार थोडा असतो. अशा वेळी झटका मेंदूच्या एकाच ठिकाणाहून निघतो का, आणि ते ठिकाण काढल्याने बोलणे, चालणे, पाहणे यांस धोका नाही ना, हे पाहतात. त्यासाठी रोग्याला रुग्णालयात ठेवून रात्रंदिवस मेंदूचा विद्युत्‌-आलेख आणि चित्रीकरण एकत्र घेतात, एम. आर. आय. करतात, स्मरणशक्तीची तासन्‌तास परीक्षा घेतात. माझ्या मुलीच्या बाबतीत ते ठिकाण डाव्या कानशिलाच्या आत, हिप्पोकॅम्पस नावाच्या छोट्या भागात सापडले. समुद्रघोड्यासारखा आकार म्हणून त्याला ते ग्रीक नाव आहे. तो भाग सुकून आकसला आहे. लहानपणी तापात आलेली ती लांबलेली आकडी आणि हा आकसलेला भाग यांचा संबंध असावा, असे डॉक्टरांनी सांगितले.

डोके उघडण्यात अविश्वास आहे, असे म्हणणाऱ्या बांधवांना मी आपल्याच इतिहासाची आठवण देऊ इच्छितो. फेफऱ्यासाठी आधुनिक रीतीची शस्त्रक्रिया लंडनला व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८८६ साली केली. आपल्या देशात ती प्रथम १९५२ साली झाली, आणि झाली ती वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आयडा स्कडर यांनी एका खाटेच्या दवाखान्यापासून उभारलेल्या मिशनच्या रुग्णालयात. ती करणारे डॉ. जेकब चँडी हे केरळचे ख्रिस्ती गृहस्थ. कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड यांच्या हाताखाली शिकून ते परत आले आणि १९४९ साली त्यांनी वेल्लोरला देशातील मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. ज्या मंडळ्यांनी त्या रुग्णालयासाठी प्रार्थना केल्या आणि दाने दिली, त्यांनीच आज म्हणावे की ही वाट देवाची नव्हे? सीमाभागातले आपण लोक तर मिरजेच्या मिशन दवाखान्याच्या आधाराने वाढलो. पोटाचे, डोळ्याचे ऑपरेशन तेथे झाले तेव्हा आपण उपकारस्तुती केली. मग डोक्यापाशीच आपला विश्वास का अडखळतो?

मला वाटते, त्याचे कारण प्रामाणिक आहे. पोटात आपण राहत नाही, डोक्यात राहतो, असे आपल्याला वाटते. हात गेला तरी माणूस तोच राहतो. मेंदूचा तुकडा गेल्यावर परत येणारा माणूस तोच असेल का? या भीतीला आधार नाही असे नाही. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंचा हा भाग फेफऱ्यासाठी काढला गेला. झटके पुष्कळ कमी झाले, परंतु त्याला नवे काही लक्षात ठेवता येईना. लहानपणचे आठवे, पण काही मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस पुन्हा अनोळखी होई. २००८ साली मरेपर्यंत त्याचे असेच चालले. शास्त्रज्ञांना स्मरणशक्तीविषयी जे ज्ञान मिळाले त्यातील फार मोठा वाटा या एका माणसाच्या नुकसानीतून आला आहे. त्यानंतर दोन्ही बाजू काढण्याचे बंद झाले. आज एकाच बाजूचा रोगट भाग काढतात, आणि दुसरी बाजू काम करते आहे याची आधी खात्री करून घेतात.

तरीही धोका उरतो. डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर शब्दांची स्मृती, म्हणजे नवी नावे, नवे वाचलेले, ऐकलेले लक्षात ठेवण्याची शक्ती, दहापैकी सुमारे चार जणांत कमी होते. जो भाग आधीच निकामी झाला आहे त्याच्या जाण्याने नुकसान कमी होते, हे खरे. पण मुळीच होणार नाही अशी हमी कोणी देत नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगतो. २००१ साली कॅनडातील एका अभ्यासात कानशिलातील फेफऱ्याच्या ८० रोग्यांची दोन गटांत विभागणी केली. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील शंभरात ५८ जण भान हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, केवळ औषधे घेणाऱ्यांत शंभरात ८. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत ११६ मुलांवर असाच अभ्यास झाला व २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथे हे प्रमाण ७७ आणि ७ असे आले. मात्र शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी एक तृतीयांशांना गंभीर त्रासही झाले, त्यांत हातापायाची दुर्बळता मुख्य होती. आणि हे सुख नेहमी टिकतेच असे नाही. लंडनच्या ६१५ प्रौढ रोग्यांच्या २०११ सालच्या अहवालात दहा वर्षांनंतरही भान हरपवणाऱ्या झटक्यांपासून मुक्त राहिलेले निम्म्याहून थोडे कमी होते.

काहीच न करण्यातही धोका आहे, हे आपण विसरतो. चूल आणि पाण्याचा हौद यांपासून जपा, असे डॉक्टर आम्हांला पहिल्या दिवशी म्हणाले, तेव्हा मला शुभवर्तमानातला विस्तव आणि पाणी आठवले. शिवाय या आजारात दरवर्षी हजारांत एकाला, बहुधा झोपेत, एकाएकी मरण येते; झटके न थांबणाऱ्यांत ते प्रमाण अधिक असते. आमच्या घरी सतरा वर्षे रात्री दार लोटून घेतलेले नाही.

असे हे दोन्ही बाजूंचे माप. आता त्या तीन सल्ल्यांकडे परत येऊ. पौलाच्या काट्याविषयी बोलताना आपण एक गोष्ट वगळतो. तो काटा काढून घ्यावा म्हणून पौलाने प्रभूला तीनदा विनवले. दुखणे जावे अशी इच्छा करणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. स्वीकार आला तो विनवणीनंतर, आणि तो पौलाने स्वतः ऐकलेल्या उत्तरामुळे आला. शेजाऱ्याने येऊन त्याला सांगितले नाही की तुझा काटा तुझ्या हिताचा आहे. दुसऱ्याच्या देहातील काट्याला गौरव म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तसेच, देवाने ज्ञान दिले आहे म्हणून प्रत्येकाने टेबलावर चढलेच पाहिजे, असेही म्हणता येत नाही. दहात चार हा आकडा ज्याने आपल्या स्मृतीपुढे मांडून पाहिला आणि नको म्हटले, तो देवाच्या देणगीचा अपमान करीत नाही. हिशेब त्याचा आहे, आणि तो हिशेब खोटा नाही.

मी स्वतः दुसऱ्या मताचा होतो. शस्त्रक्रिया झालीच पाहिजे असा माझा आग्रह होता, आणि त्यासाठी मी बायबलमधून मुद्दे काढीत असे. एके रात्री मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हांला माझे झटके जायला हवेत, की तुमची काळजी जायला हवी?" मला उत्तर देता आले नाही. माझ्या मागे हिचे कोण करील, हा प्रश्न माझा होता. तो खोटा नव्हता, पण तो तिच्या डोक्याचा प्रश्न नव्हता. त्यानंतर मी योहानाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचला. अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला प्रभू आधी विचारतो की तुला बरे व्हायचे आहे का. पूर्वी मला हा प्रश्न अनावश्यक वाटे. कोणाला नको असेल? यरीहोच्या वाटेवरील आंधळ्यालाही तो विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावे. त्याचे आंधळेपण सर्वांना दिसत होते, तरी विचारतो. ज्याच्या हाती सर्व सामर्थ्य होते त्यानेही रोग्याला विचारल्यावाचून हात लावला नाही, तर आपण कोण? मार्कातला मुलगा लहान होता, म्हणून बाप बोलला. माझी मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. तिच्या वतीने बोलण्याची माझी सवय जुनी झाली आहे, एवढेच.

म्हणून मी तिला विचारले. तिची भीती ऐकून मी चकित झालो. मरणाची नव्हती, पांगळेपणाची नव्हती. ती म्हणाली, "मी वचने पाठ करते, मुलांची नावे पाठ करते. ती शक्ती गेली आणि उद्या मला एकही नवे वचन लक्षात राहिले नाही, तर माझा विश्वास राहील का? नव्याने आलेल्या मुलाचे नाव जिला आठवत नाही, ती कसली शिक्षिका?"

जुने पाठांतर बहुधा जात नाही, अडचण नव्याची येते, हे डॉक्टरांनी तिला सांगितलेच होते. पण तिचा प्रश्न त्याहून खोल होता. विश्वास म्हणजे आपण देवाला लक्षात ठेवणे असेल, तर तो खरोखर मेंदूच्या त्या बोटभर भागावर अवलंबून आहे. मग आपल्या मंडळीतील ज्या आजींना आता स्वतःच्या मुलांची ओळख राहिलेली नाही, त्यांचा विश्वास गेला म्हणावे काय? जन्मतःच मंदबुद्धी असलेल्या लेकरांचा बाप्तिस्मा व्यर्थ म्हणावा काय? यशयाच्या एकोणपन्नासाव्या अध्यायात देव म्हणतो की आई एक वेळ आपल्या तान्ह्याला विसरेल, परंतु तो विसरणार नाही. त्याने आपल्याला तळहातावर कोरून ठेवले आहे. तारण आपल्या स्मरणशक्तीवर नाही, त्याच्या स्मरणावर आहे. हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्याचा अर्थ माझ्या मुलीच्या प्रश्नामुळे मला कळला.

पण येथे थांबलो तर मी तिला फसवल्यासारखे होईल. देव विसरत नाही म्हणून स्मृती गेली तरी बिघडत नाही, असे मी तिला म्हटले नाही. बिघडते. नावे विसरणे हे शिक्षिकेला दुःखच आहे, आणि त्या दुःखाला विश्वासाच्या शब्दांनी झाकू नये. मी एवढेच म्हटले की ते नुकसान झाले तर ते नुकसान असेल, शिक्षा नसेल; आणि त्या नुकसानीत तू देवाच्या हातून निसटणार नाहीस. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, मला विचार करायला वेळ द्या, आणि तोवर घरात कोणी या विषयावर प्रार्थना मोठ्याने करू नका." आम्ही तसे केले. सात आठवडे.

आठव्या आठवड्यात तिने शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय घेतला. तो तिचा आहे. तिने नको म्हटले असते तरी तो तितकाच विश्वासाचा ठरला असता, असे मी आज मनापासून म्हणू शकतो. पूर्वी म्हणू शकलो नसतो. खोट्यावर न उभारलेला, धोका उघड्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि ज्याचे अंग त्याने स्वतः घेतलेला निर्णय देवापुढे ठेवता येतो. तो कोणत्या बाजूने झाला यावर विश्वासाचे माप नाही.

पुढील महिन्यात आम्ही दक्षिणेतील रुग्णालयात जाऊ. हे छापून येईल तेव्हा कदाचित सर्व पार पडलेले असेल. म्हणून वाचकांना, आणि विशेषतः ज्या मंडळ्यांत असे कोणी आहे त्यांना, माझी विनंती आहे. आमच्यासाठी प्रार्थना करा. परंतु झटके थांबले तर आमच्या विश्वासाचे बक्षीस मिळाले असे म्हणू नका, कारण मग ज्याचे थांबले नाहीत त्याला तुम्ही काय म्हणणार? आणि थांबले नाहीत तर कोठे पाप राहिले ते शोधू नका. जन्मांधाच्या बाबतीत शिष्यांनी तो शोध केला आणि प्रभूने तो तेथेच थांबवला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी एवढे शिकून ठेवावे. वर्गात कोणाला फिट आली तर घड्याळ पाहावे. आसपासच्या कठीण वस्तू बाजूला कराव्या, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा हुंगवणे, चप्पल नाकाशी धरणे, किल्ल्यांचा जुडगा हातात देणे यांचा काही उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा भान येण्यापूर्वी दुसरा झटका आला, तर दवाखान्यात न्यावे. भान येईपर्यंत जवळ बसावे. आणि मुलांना तेथून हाकलू नये. बाईंना बरे वाटत नाही, आता त्या उठतील, असे शांतपणे सांगावे. मुले जे शांतपणे पाहतात त्याला भीत नाहीत.

आणि पुढच्या रविवारी त्या बाईंनाच वर्ग घ्यायला सांगावे, सोबतीला दुसरी एक शिक्षिका देऊन. माझी मुलगी परत येईल तेव्हा तिचे झटके गेलेले असतील किंवा नसतील, तिला नवी नावे आठवतील किंवा हातात वही धरून ती विचारावी लागतील. कसेही असले तरी बालवर्गातील तिची खुर्ची तिला परत मिळावी. मार्कातल्या त्या बापाने आपला विश्वास अर्धा आहे हे न लपवता सांगितले आणि उरलेल्या अर्ध्यासाठी मदत मागितली. प्रभूने तेवढ्यावर त्याला परत पाठवले नाही. आपल्या मंडळ्यांनीही पाठवू नये.